गाठ काढली, पण कडेचं काय?

"छातीतली कॅन्सरची गाठ काढली, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा ऑपरेशन का सांगितलं? डॉक्टरांचं काही चुकलं का?" असं एका भगिनीनं विचारलंय. चुकलेलंच असतं असं नाही हो. स्तन वाचवून नुसती गाठ काढताना तिच्याभोवतीचा थोडा चांगला भागही काढतात. पण रोग नेमका कुठं संपला, ते डोळ्यांना दिसत नाही की बोटांना लागत नाही. तुकडा तपासायला जातो, रिपोर्टला काही दिवस लागतात, आणि कडेला रोगाच्या पेशी सापडल्या की बाईला पुन्हा टेबलावर जावं लागतं. इंग्लंडात पाचांतल्या एकीवर ही वेळ येते, असं २०१२ मध्ये छापून आलेल्या पाहणीत दिसलं.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या झोल्तान टाकाट्स यांनी यावर काढलेली युक्ती मला फारच आवडली. सर्जन विजेच्या सुरीनं कापतात तेव्हा धूर निघतो. एरवी तो नळीनं ओढून टाकून देतात. यांनी ती नळी मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राला जोडली. रोगट पेशींतले स्निग्ध पदार्थ निराळ्या प्रमाणात असतात. ते यंत्र धुरावरून ओळखतं. बाहेरच्या खोलीत बसून फोडणी करपल्याचं आपल्याला कळतं ना, तसंच!

आपलं नाक वर्षानुवर्षांच्या सवयीनं तयार होतं. संगणकाला मात्र ३०२ रोग्यांचे नमुने, 'हा रोगाचा, हा निरोगी' असं सांगून शिकवावं लागलं. मग ९१ ऑपरेशनांत त्याचं उत्तर नंतरच्या रिपोर्टशी दर वेळी जुळलं. हे २०१३ मध्ये जाहीर झालं. उत्तराला तीन सेकंदही लागत नाहीत.

पण लगेच हुरळून जाऊ नका. वर्गातली मुलं शिकवलेलं गणित सोडवतात, जरा फिरवून घातलं की अडतात, यंत्राचंही तसंच. शिवाय धूर निघायला आधी कापावं लागतं. म्हणून टेक्सासच्या लिव्हिया एबरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक पेन पुढे आणलं. ते पाण्याचा थेंब टेकवून दहाएक सेकंदांत सांगतं, न जाळता, न कापता.

आपल्याकडे मोठ्या इस्पितळांत 'फ्रोजन सेक्शन' होतं, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून अर्ध्या तासात तपासतात. आधीच विचारा, "कडा लगेच तपासणार का?" आणि रिपोर्ट हाती आला की 'मार्जिन'पुढे काय लिहिलंय ते बघा. इंग्रजी अडलं तर शेजारीपाजारी न दाखवता डॉक्टरांनाच विचारा.