अपग्रेडचा हिशोब

अम्मीला उमरा घडवायचा, हे आमच्या घरात अब्बा हयात असतानाच ठरले होते. खाणीतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्यासाठी रक्कम बाजूला ठेवली. त्यांच्यामागे अम्मीने ती कधी मोडली नाही. यंदा अम्मी, माझे शौहर आणि मी निघणार आहोत. तिकिटे आणि हॉटेलचे पैसे भरून झाले, आणि तेवढ्यात मोबाईलवर बँकेचा संदेश आला : प्रवासाला निघताय? खाते अपग्रेड करा. वर्षाला २,००० रुपये, वर जीएसटी. बदल्यात परदेशात कार्ड वापरल्यास चलनबदलाचे शुल्क माफ, विमानतळावर लाउंज आणि प्रवास विमा.

माझे बोट बटणावर गेलेच होते. परक्या मुलखात अम्मी सोबत असताना पैसे अडले तर, ही भीती होती. शौहर म्हणाले, "वर्गात शेकडेवारी शिकवतेस ना? मग आधी मांडून तर बघ."

कन्हानच्या घरात, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून मांडले. बऱ्याच बँका परदेशातल्या कार्डखर्चावर २ ते साडेतीन टक्के शुल्क घेतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. आमचा वरखर्च १,५०० रियाल धरला. हिशोबापुरता रियाल २४ रुपयांचा, म्हणजे ३६,००० रुपये. साडेतीन टक्क्यांनी १,२६० रुपये, जीएसटी २२७. एकूण १,४८७. अपग्रेडचे मात्र जीएसटीसह २,३६० रुपये! म्हणजे वाचवायला निघालो आणि ८७३ रुपये जास्त गेले असते. अपग्रेड परवडायला वर्षभरात साधारण ५७,००० रुपये परदेशात कार्डाने खर्च व्हायला हवेत. व्यापारासाठी वरचेवर जाणाऱ्याला ते परवडेल, आयुष्यात एकदा जाणाऱ्याला नाही.

लाउंजचे काय? आम्ही घरूनच डबा नेणार. विमा? उमऱ्याच्या व्हिसात आरोग्य विमा असतोच. वेगळा घ्यायचा तर त्यात काय आहे आणि काय नाही, ते वाचून घ्यावे.

हजला जाणाऱ्यांनीही हा हिशोब करावा. पूर्वी हज कमिटीमार्फत प्रत्येक हाजीला २,१०० रियाल मिळत. २०२३ च्या हजपासून ती सक्ती गेली. आता किती रियाल न्यायचे आणि कसे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

काही बँका "शुल्क नाही" म्हणतात, पण खात्यात मोठी रक्कम कायम ठेवायला सांगतात. तेही विचारून घ्या. क्रेडिट कार्डाची मुदत चुकली की व्याज लागते. त्यापासून दूर राहायचे असेल तर डेबिट कार्ड किंवा आधी पैसे भरलेले फॉरेक्स कार्ड बरे. रोख रियाल घेतानाही दोन ठिकाणी दर विचारा. तिथेही फरक असतो.

राहिली ती भीती. तिच्यावरचे उपाय फुकट आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातच चालू असते. परदेशातला वापर आपण ॲपमधून सुरू करायचा आणि मर्यादाही घालायची. मोबाईलचे रोमिंग सुरू करा, नाहीतर ओटीपी येणार नाही. दुकानातल्या यंत्राने रुपये की रियाल विचारले तर रियालच निवडा. रुपये निवडले की दर बहुधा महाग पडतो. आणि दोन कार्डे दोघांच्या वेगळ्या पिशव्यांत ठेवा, थोडी रोख तिसरीकडे.

अपग्रेड घेतले नाही. अम्मीला सगळा हिशोब वाचून दाखवला. तिने एवढेच विचारले, "वाटायला माझ्याजवळ सुटे राहतील ना?"

राहतील. तिच्या बटव्यात शंभर रियाल ठेवणार आहे, पाच-पाचच्या नोटांत.