दार पुढच्या बाजूस आहे

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी जून १८९० मध्ये रंगविलेले ओव्हेर या फ्रेंच खेड्यातील चर्चचे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यातील चर्चला दार दिसत नाही, वाटही त्याला टाळून दोन बाजूंना फुटते. म्हणून ‘चित्रकाराने ख्रिस्तसभेकडे पाठ फिरविली’ असा अर्थ सांगण्याची रूढी पडली आहे. तो आम्हांस मान्य नाही.

चित्रकार वेदीच्या मागील बाजूस उभा होता. दार पुढच्या बाजूस आहे. मंद्रूपच्या शिवारातून देऊळ पाठमोरे पाहणारा शेतकरी देवाचे दार बंद झाले असे म्हणतो काय? स्वतः व्हॅन गॉग बहिणीला या चित्राविषयी लिहितात ते रंगांचे : आकाशाचा गर्द निळा, वास्तूचा जांभळा, उन्हातील वाळूचा गुलाबी. त्या वर्णनात धिक्काराचा शब्द नाही.

दार बंद झाले ते चित्रात नव्हे, प्रत्यक्षात. २९ जुलै १८९० रोजी त्यांचा आत्महत्येने अंत झाला आणि त्या चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला नाही. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारणारा नियम १९८३ च्या धर्मसंहितेत उरलेला नाही. अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ ची धर्मशिकवण सांगते.

कर्जाने खचून शेतकरी जीव देतात त्या महाराष्ट्रात हा प्रश्न कलासमीक्षेपुरता नाही. रंगविलेल्या भिंतीत दार शोधणाऱ्यांनी आधी आपल्या गावचे दार पाहावे : अशा घरची शवपेटी आली, तर ते उघडते काय?