एनडीए आहे ना!

परवा आतेभावाचा फोन. "दादा, पार्टनर कंपनी सोर्स कोड मागतेय. देऊन टाकतो. एनडीए आहे ना!"

मंडळी, तेव्हापासून डोकं भणभणतंय. अहो, एनडीए म्हणजे कोड गेल्यावर कोर्टात फडकवायचा कागद. जाणारा कोड तो अडवत नाही.

अमेरिकेतली एएमएससी ही कंपनी पवनचक्क्यांचं कंट्रोल सॉफ्टवेअर करते. चीनची सिनोव्हेल तेव्हा तिचं सर्वात मोठं गिऱ्हाईक होती. एएमएससीने सोर्स कोड दिलाच नव्हता बरं का! तरी 2011 मध्ये सिनोव्हेलने तिच्या ऑस्ट्रियातल्या कचेरीतला एक इंजिनियर फोडून कोड पळवला. घेतलेला आणि घ्यायचा माल धरून 80 कोटी डॉलरच्या वर व्यवहार होता, तो सगळा लटकला. एएमएससीची जवळजवळ 700 माणसं, म्हणजे निम्म्याहून जास्त, घरी बसली. 2018 साली विस्कॉन्सिनच्या कोर्टात सिनोव्हेल दोषी ठरली आणि तडजोडीत ठरले किती? 5 कोटी 75 लाख डॉलर. सात वर्षांनी! आता बोला.

तिथे निदान चोरावं तरी लागलं. आमचे बंधुराज ताटात वाढून देताहेत.

मीही पोळलोय. एका पार्टनरने "फक्त इंटिग्रेशनपुरता" म्हणून कोड नेला. आठ महिन्यांनी त्यांच्या 'स्वतःच्या' प्रॉडक्टचा डेमो पाहिला, तर एरर मेसेजमध्ये माझीच स्पेलिंगची चूक! वकील म्हणाले, एवढ्याने भागणार नाही, त्यांचा कोड आणा. तो कुठून आणू? माझा त्यांच्याकडे होता, त्यांचा माझ्याकडे नव्हता. (ती चूक मी अजून सुधारलेली नाही. असो.)

इंटिग्रेशन हवंय? एपीआय द्या, कंपाइल केलेली लायब्ररी द्या. उद्या तुम्ही दुकान बंद केलंत तर, अशी भीती वाटते? मग एस्क्रो करा: कोड तिऱ्हाइताकडे ठेवायचा, कंपनी बुडाली तरच त्यांच्या हाती. एवढं देऊनही कोडच हवा म्हणत असतील, तर त्यांना नेमकं काय हवंय हे पोराला कळू नये?

"पण दादा, ते वर्षभराचं काम देणार आहेत." अरे, कोड हाती आल्यावर ते काम तुलाच कशाला देतील?

आत्या, तू हे वाचतेस, ठाऊक आहे मला. शुक्रवारी सही आहे त्याची. त्याआधी मला फोन करायला सांग. रात्री कितीही वाजता चालेल.