नोंदवहीतला रकाना आणि घरातला जांबवंत

यंदाच्या प्रवेश मोहिमेनंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: सर्वेक्षणाच्या नोंदवहीत घरी शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी रकानाच नाही. मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीतल्या, जामसांवलीजवळच्या एका गावातून आलेले पत्र सहा पानांचे आहे. मुलगा नऊ वर्षांचा, आई दोन वर्षांपासून त्याला घरीच शिकवते. एप्रिलमध्ये ‘स्कूल चलें हम’ या प्रवेश मोहिमेची यादी घेऊन गुरुजी घरी आले. मुलाने ओसरीवर बसून त्यांना मराठी आणि हिंदी, दोन्ही वाचून दाखवले. संत्र्याच्या ओळी आणि त्यांतली झाडे मोजून केलेला गुणाकार दाखवला. गुरुजींनी मनापासून कौतुक केले, चहा घेतला आणि यादीत लिहिले: ‘शाला त्यागी’, म्हणजे शाळा सोडलेला. त्यांच्यापुढे दुसरा शब्दच नव्हता.

नोंद दुरुस्त व्हावी म्हणून आई मुलाचा सरकारी समग्र आयडी आणि शाळा सोडल्याचा जुना दाखला घेऊन निघाली. एका टेबलावर सांगितले, आधी शाळेत नाव घाला, मग बघू. दुसऱ्या टेबलावर सांगितले, घरी शिकवण्याची परवानगी आणा. ती देतो कोण, हे कोणालाच सांगता आले नाही. तिचे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मुलाचा अभ्यास झाला नाही, आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारणार नाही.

कायदा आपल्या वाचकांना पाठ आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 10 मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते. ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र त्यात सांगितलेली नाही. गृहशिक्षणाला परवानगी देणारे कलमही त्यात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) आणि राज्यांच्या मुक्त विद्यालयांतून तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे स्तर देण्याची भाषा केली. मग गावपातळीच्या फॉर्मात ‘घरी शिकतो’ एवढे दोन शब्द छापायला काय अडते? हा आग्रह केवळ आपल्या सोयीचा नाही. वीटभट्टीवर राबणारे मूल आणि घरी भूमिती शिकणारे मूल एकाच शब्दाखाली मोजले, तर ज्याला शाळेची खरी गरज आहे तेच आकड्यात हरवते. अधिकाऱ्यांनी निदान त्या मुलासाठी तरी हा रकाना द्यावा.

पण त्या पत्राचे शेवटचे पान आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. ‘शाला त्यागी’ ही नोंद गावात पसरली. चुलतसासऱ्यांनी ओट्यावर बसून विचारले, ‘पोराचं वाटोळं कशाला करून राहिली?’ त्या रात्री तिने घरच्या अभ्यासाचे दप्तर आवरून ठेवले. दुसऱ्या दिवशी शाळेत नाव घालायचे, असे ठरवले. सकाळी नवऱ्याची आत्या आली. ती जामसांवलीला मारुतीच्या शनिवारच्या दर्शनाला आली होती. दुपारभर ती मुलाजवळ बसली. त्याने वाचले, तिने ऐकले. निघताना एवढेच म्हणाली, ‘मागच्या दिवाळीत हा अडखळत होता. आता सरळ वाचते. हे तूच केलं ना? मग थांबू नको.’ दप्तर पुन्हा बाहेर आले.

जामसांवलीचा मारुती पहुडलेला आहे. त्याच मारुतीला समुद्रकाठी स्वतःच्या बळाचा विसर पडला, तेव्हा जांबवंताला त्याच्या अंगी नवे बळ घालावे लागले नाही. होते त्याची त्याने फक्त आठवण करून दिली. घरी शिकवणाऱ्या आईचेही तसेच असते. ती रोज काम करते. पण रोजची वाढ रोज बघणाऱ्याला दिसत नाही. सहा महिन्यांनी येणाऱ्या आत्याला ती दिसते. म्हणून तिच्या शब्दाला वजन येते.

घरच्यांच्या पाठिंब्याने काय बदलते, याचा आपल्या मराठी इतिहासात ठळक दाखला आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पहिल्या पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी ते चालू दिले नाही. पुढे दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना घेऊन ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले आणि तिथे त्यांना शिकवले. गुरू तोच होता. बदलले ते भोवतीचे घर. याच लक्ष्मीबाईंनी पुढे मुलीला शिकवले. दिवसभर घरकाम, म्हणून पहाटे उजाडण्याआधी तिला उठवून जवळ घेत आणि धडा देत. ती मुलगी 1878 मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ ठरली. पंडिता रमाबाईंची पहिली शाळा म्हणजे आईची पहाट. आणि त्या आईच्या पाठीशी नवऱ्याचा विश्वास होता. अलीकडचे उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचे. सातवीत शाळा सोडून ती घरी शिकली आणि 2016 मध्ये संगणक ऑलिंपियाडच्या पदकांच्या बळावर एमआयटीत गेली. तिच्या वडिलांनाही सुरुवातीला हा निर्णय पटला नव्हता. घर हळूहळू वळते. त्याला वेळ द्यावा लागतो.

नातेवाइकांना आमचे सांगणे सरळ आहे. आधी बघा, मग बोला. एक सकाळ अभ्यासाला बसा. ‘छान चाललंय’ म्हणू नका. काय बदलले ते सांगा. पाहुण्यांसमोर मुलाला पाढे म्हणायला लावू नका, ती परीक्षा मुलाची नसून आईची होते. लग्नकार्यात चार जणांनी छेडले, तर तिच्याआधी तुम्ही उत्तर द्या. आजोबांना बागेचा हिशेब येतो, मामांना मोटर दुरुस्त करता येते. ते मुलाला शिकवायला आईकडून आठवड्यातला एक तास मागून घ्या.

आणि आपल्याच संघटनेच्या सभासदांना दोन शब्द. एनआयओएसचे गृहकार्य (टीएमए), विषयनिवड, परीक्षा केंद्र यांवर लांबलचक पत्रे पाठवणारे वडील पुष्कळ आहेत. त्यांतल्या किती जणांनी या आठवड्यात मुलाची वही उघडली? बायकोला ‘तुझं तू बघ’ म्हणणे म्हणजे तिला स्वातंत्र्य देणे नव्हे, तिला एकटे टाकणे होय. आयांनाही विनंती: नातेवाइकांपासून लपून शिकवू नका. तारखा घातलेल्या वह्या समोर ठेवा. मागच्या वर्षीचे पान आणि आजचे पान शेजारी दिसले, की विरोध करणाऱ्याचाही आवाज खाली येतो.

रकान्यासाठी आपण अर्ज करत राहू; प्रत्येकाने आपल्या तहसिलीत लेखी मागणी द्यावी आणि पोचपावती घ्यावी. पण रकाना मिळेपर्यंत कोणत्याही आईचे दप्तर बंद पडता कामा नये. ओळखीतली एक घरी शिकवणारी आई आठवा. या महिन्यात तिच्या घरी जा, मुलाजवळ बसा, आणि निघताना तुम्ही काय पाहिले ते तिच्या तोंडावर सांगा.