सेवाव्रतींच्या शिदोरीचे काय?

काही काळापूर्वी छत्रपती संभाजीनगरातील एका सेवावस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या एका ताईंची भेट झाली. वय चाळिशीच्या आतले, कामाला बारा वर्षे झालेली. वस्तीतील एका घरातल्या तरुण मुलाने आत्महत्या केली होती आणि त्याच्या आईजवळ ह्या ताई रोज दोन-दोन तास बसत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "काका, त्या माउलीला बोलायला मी आहे. मी घरी गेल्यावर कुणाशी बोलू? आणि मी तिच्याशी जे बोलते ते बरोबर की चूक, हे तरी मला कुणी शिकवलंय?" पुढे महिन्याभरातच त्यांनी काम सोडले. संस्थेच्या बैठकीत त्यांच्या जागी कोण, एवढीच चर्चा झाली. त्या का गेल्या, हे कोणी विचारले नाही. त्या बैठकीस प्रस्तुत लेखकही उपस्थित होता आणि त्यानेही विचारले नाही.

ताईंच्या एका वाक्यात दोन प्रश्न होते. एक शिक्षणाचा, दुसरा मनःस्वास्थ्याचा. आपल्या बहुतेक सेवासंस्थांपाशी ह्या दोहोंचे उत्तर नाही. कार्यकर्ता चंदनासारखा झिजला, असे आपण श्रद्धांजलीच्या सभेत मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु तो जिवंतपणी किती झिजतो आहे आणि का, ह्याची चौकशी करण्याची आपली रीत नाही.

ह्या शहराला सेवाकार्याची मोठी परंपरा आहे. १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानच्या वतीने डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. त्याच प्रेरणेने शहरातील सेवावस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत आरोग्य, शिक्षण, महिला बचत गट अशी कामे उभी राहिली. अशा कामांची व्याप्ती जेथे जेथे वाढते तेथे तेथे वेळ देणाऱ्या स्वयंसेवकाच्या जोडीला अल्प मानधनावर पूर्ण वेळ काम करणारा कार्यकर्ता येतो, आणि बहुतेक वेळा ती कार्यकर्ती असते. डॉक्टरांना आपल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात, म्हणजेच सतत शिकत राहावे लागते. त्याच डॉक्टरांनी तपासलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन दारूड्या नवऱ्याची समजूत घालणारी, मुलीची शाळा सुटू नये म्हणून सासूशी वाद घालणारी सेविका मात्र बारा वर्षांपूर्वीच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणावर चालत असते. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केलेल्या कायद्यात वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट. पण वस्तीतल्या साध्या सेविकेपर्यंत त्याचा लाभ कधी पोहोचेल, हे सांगणे कठीण.

शासकीय योजनांतही चित्र निराळे नाही. मराठवाड्यासह राज्यातील शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. आशा स्वयंसेविकेने घरोघरी जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करावी आणि गरज असेल त्याला समुपदेशनाकडे न्यावे, अशी त्यातील योजना. योजना उत्तम. मात्र जी आशाताई इतरांना 'झोप लागते का?', 'जगणे नकोसे वाटते का?' असे विचारत हिंडते, ती स्वतः बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याच्याच घरची असते. तिला हे प्रश्न कोण विचारणार?

ह्यावर काही ज्येष्ठांचे म्हणणे असते की, सेवा ही नोकरी नव्हे. 'व्यावसायिक स्वास्थ्य' हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, ध्येयवादाला थकवा नसतो. ही भावना आदरणीय असली तरी आपल्याच परंपरेला धरून नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सदस्यासाठी पाच वर्षांच्या शिक्षणाची अट घातली. संघाच्या कार्यपद्धतीत तर वर्गाला केवढे स्थान! २०२४ मध्ये ह्या वर्गांची फेररचना झाली तेव्हा वरच्या दोन पायऱ्यांना नावच 'कार्यकर्ता विकास वर्ग' असे दिले गेले. शाखेच्या कार्यकर्त्यासाठी आपण २० आणि २५ दिवसांचे वर्ग योजतो. मग सेवावस्तीतील भगिनीसाठी पाच दिवसही का निघू नयेत?

आणि नानाजी देशमुख तर आपल्या मराठवाड्याचेच, हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे. चित्रकूट परिसरात ग्रामविकासाचे काम उभारताना त्यांनी एकट्या तरुणाला खेड्यात धाडले नाही. 'समाजशिल्पी दांपत्य' ही योजना आखली. पदवीधर पती-पत्नी, आधी प्रशिक्षण, मग गावात मुक्काम, आणि मुदत पाच वर्षांची. सुखदुःख बोलायला घरात माणूस आहे, हाती विद्या आहे आणि कामाला कालमर्यादाही आहे! नानाजींनी 'स्वास्थ्य' हा शब्द वापरला की नाही हा प्रश्न गौण. व्यवस्था मात्र त्याचीच होती.

तेव्हा मार्ग नाही असे नाही. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करणारी आय.पी.एच. ही संस्था आहे. मराठवाड्यातच, तुळजापूर येथे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आहे. तेथील वैचारिक कल आपल्यापैकी अनेकांना मानवणार नाही. पण विद्या घेताना गुरूचे मत विचारण्याची आपली पद्धत कधीच नव्हती. शहरातील सेवासंस्थांनी मिळून महिन्यातून एक दुपार राखून ठेवावी. तेथे अहवाल मागू नये, आकडे विचारू नयेत. महिन्यातला अवघड प्रसंग सेविकेने मांडावा आणि जाणत्या समुपदेशकाने तो ऐकावा. हा समुपदेशक संस्थेचा पदाधिकारी नसावा, हे आवर्जून सांगावेसे वाटते, कारण मानधन ठरविणाऱ्यापुढे कोणी मन मोकळे करीत नाही. वर्षातून पाच दिवसांचा अभ्यासवर्ग आणि सक्तीची रजा, हेही अंदाजपत्रकात लिहून ठेवावे. अडचण पैशाची आहेच. देणगीदार इमारतीला देतो, रुग्णवाहिकेला देतो, कारण त्यांवर नाव कोरता येते. सेविकेच्या शिक्षणावर पाटी लावता येत नाही. ही गोष्ट देणगीदारांना समजावून सांगण्याचे काम विश्वस्तांचे आहे आणि आजवर ते आपण टाळले आहे.

त्या ताईंना परवा भेटलो. एका कापड दुकानात त्या हिशेबाचे काम पाहतात. रविवारी सुट्टी असते, झोप लागते, असे म्हणाल्या. मुलगा गेलेली ती माउली अजूनही अधूनमधून दुकानात येते, काही विकत न घेता गल्ल्याशेजारी थोडा वेळ बसते आणि परत जाते.