कात्रजचा हौद आणि गंज पेठेतला हौद

पुण्यात सध्या परंपरेला बरे दिवस आले आहेत. ज्या वाड्यांना त्यांचे मालकच कंटाळले होते आणि बिल्डर कधी येतो याची वाट पाहत होते, त्याच वाड्यांच्या दिंडी दरवाजात आज फोटो काढायला रांग लागते. शिवलेली नऊवारी, बांधून ठेवलेला फेटा, भाड्याने मिळणारी पुणेरी पगडी, मोत्यांची नथ, तांब्याचे तांबे, केळीच्या पानावरची पंगत या सगळ्याला भाव आला आहे. लग्न 'पेशवाई थाटात' लावून देणारे ठेकेदार निघाले आहेत. सुटीच्या दिवशी पेठांमधून वारसा फेऱ्या निघतात आणि त्यांत तरुण मुले-मुली मोठ्या हौसेने येतात. आपल्या शहराचा इतिहास पाहावा असे तरुणांना वाटते, यात वाईट काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्यांना कोणता इतिहास दाखवला जातो आणि कोणता झाकून ठेवला जातो.

आम्हीही याच शहराचे. पण आमच्या पिढ्या गेल्या त्या पूर्वेकडच्या पेठांत, वस्त्यांत आणि चाळींत. पश्चिमेच्या पेठांतील वाडे आम्ही पाहिले ते बाहेरून, कामाला येता-जाता. आपल्याच गावात एक दिवस पाहुण्यासारखे हिंडावे, म्हणून आम्ही अशाच एका फेरीत सामील झालो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेठा पालथ्या घातल्या. जे दाखवले गेले ते पाहण्यासारखे होते. जे दाखवले गेले नाही, त्याविषयी लिहिणे आमचे कर्तव्य आहे.

सुरुवात अर्थातच शनिवारवाड्यापासून. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, ही माहिती सांगितली गेली. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणीतून आला, चुना जेजुरीहून आला, हेही सांगितले गेले. पण सागवान आपल्या पायांनी चालत आले नाही आणि दगडाने स्वतःला फोडून घेतले नाही. लाकूड तोडणारे, दगड फोडणारे, चुना मळणारे, ओझी वाहणारे हात कुणाचे होते? त्यांची नावे कोणत्याही दरवाजाला नाहीत. मस्तानीच्या नावाचा दरवाजा मात्र आहे आणि आता तिच्या नावाचे थंड पेयही गावभर विकले जाते. ज्या घराने ती जिवंत असताना तिला आपली म्हटले नाही, त्याच घराच्या वैभवाची आज ती जाहिरात झाली आहे.

पुढे पेशव्यांच्या पाणीपुरवठ्याचे कौतुक झाले. नानासाहेब पेशव्याच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी शहरात आणले गेले, पेठापेठांतून आणि वाड्यावाड्यांतून हौद भरले गेले. खरोखर नावाजण्यासारखे बांधकाम आहे. गवंड्याचे कसब आम्ही का नाकारावे? पण याच शहरात, या नळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांना आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. एवढे हौद भरलेले असताना एका माळ्याला घरचा हौद का उघडावा लागला? या एका प्रश्नाच्या उत्तरात पेशवाईच्या पाण्याचा सगळा इतिहास आहे. कात्रजच्या पाण्याचे कौतुक करणाऱ्यांनी गंज पेठेतला हौद सांगितला नाही, तर त्यांनी अर्धेच सांगितले. शनिवारवाड्यापासून फुलेवाडा पायी अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. आमची फेरी तिकडे वळलीच नाही.

वाडे दाखवणाऱ्यांच्या तोंडी 'पेशवेकालीन खाद्यसंस्कृती', 'पेशवेकालीन पेहराव' असे शब्द वारंवार येतात. पेशवेकालीन रस्ता कसा होता, हे मात्र कुणी सांगत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली छापलेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात ते सांगून ठेवले आहे. याच पुण्यात अस्पृश्याला आपल्या पावलांची खूण पुसण्यासाठी कमरेला झाडू आणि थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे लागे. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. पेशवाईत तालमीपुढून जाणाऱ्या मांग-महाराचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, असे तिने त्यात नोंदवले. गुलटेकडी आजही पुण्यातच आहे. मुक्ताचा निबंध छापलेला आहे, उपलब्ध आहे. मग फेरीत तिचे नाव का येत नाही? पुण्याच्या मातीत उगवलेली एवढी धीट लेखणी या शहराचा वारसा नाही काय?

पेहरावाचे घ्या. आज कुणीही दुकानात जावे, पैसे मोजावे आणि निऱ्यांचे धोतर, उपरणे, पगडी घालून मिरवावे. पण ज्या काळाची ही नक्कल चालली आहे, त्या काळात पोशाख हा हौसेचा नव्हे, जातीचा विषय होता. सोनारांनी ब्राह्मणांसारखे निऱ्यांचे धोतर नेसू नये आणि एकमेकांना 'नमस्कार' म्हणू नये, यासाठी पेशव्यांच्या राज्यात सक्ती झाली. मुंबईच्या सोनारांनी नमस्कार म्हणू नये म्हणून कंपनी सरकारकडूनही हुकूम काढवून घेतला गेला. सोनारांची ही गत, तर आमच्या बायाबापड्यांची काय कथा! म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आमच्या आजी-पणजींना सांगितले की, लुगडे पुढारलेल्या समाजातील बायका नेसतात तसे नेसा आणि जातीची खूण सांगणारे ते गळाभर, हातभर दागिने टाकून द्या. त्या बायांनी ते ऐकले. लुगड्याची नेसण बदलणे ही त्यांच्यासाठी क्रांती होती. आज नऊवारी नेसून मोटारसायकलवर बसणाऱ्या मुलीला आम्ही दोष देत नाही. तिने हौसेने नेसावे. पण ही हौस करण्याचा हक्क कुणी कुणासाठी लढून मिळवला, हे तिला माहीत असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

दुपारी कसबा पेठेत गेलो. तांबट आळीत हातोड्याचे ठोके पडत होते. ठोक्यांचे घडवीव तांबे आता मोठ्या दुकानांत आणि परदेशात जाते, कारागिराला थोडे बरे दिवस आले असतील तर आनंद आहे. जवळच बुरूड आळी आहे. सूप, टोपली, रोवळी विणणाऱ्या बुरूड समाजाची गणना महाराष्ट्रात अनुसूचित जातींत होते. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बुरूड बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा ग्राहक वातानुकूलित दुकानात तीच टोपली 'पर्यावरणस्नेही' अशी चिठ्ठी लावलेली दिसली की चौपट पैसे मोजून उचलतो. बांबू तोच, वीण तीच, मग मधले पैसे कुणाच्या खिशात जातात? परंपरेचा बाजार वाढला, पण परंपरा जिच्या बोटांत आहे तिची चाळीतली खोली वाढली नाही. वारशाच्या नावाने पैसा होत असेल, तर त्याचा पहिला वाटेकरी कारागीर असला पाहिजे.

संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चाललेला असतो. गणेशोत्सवाच्या आधी काही आठवडे सारे शहर त्या आवाजाने हलते. पांढरे झब्बे, फेटे, शेकडो ढोल, मुलांच्या बरोबरीने मुली. यात आयटीवाले आहेत, डॉक्टर आहेत, कॉलेजची मुले आहेत. हातांना फोड आले तरी वाजवतात आणि ते फोड अभिमानाने दाखवतात. आमच्या बापजाद्यांच्या हातांनाही फोड होते. गावोगाव हलगी-डफडे मातंगाने वाजवायचे, मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने कमवायचे आणि मोबदल्यात उष्टे-शिळे घेऊन वेशीबाहेर राहायचे, ही त्या वाद्यांची खरी परंपरा आहे. चामड्याला हात लावणारा विटाळाचा ठरला आणि त्या चामड्याचा नाद मात्र देवाच्या दारात शुभ ठरला! काम सक्तीचे होते तोवर ते हलके होते, हौसेचे झाले तेव्हा ते 'संस्कृती' झाले. ही जातिव्यवस्थेची जुनी चलाखी आहे आणि ती आजही चालू आहे.

इथे आमच्याच काही बांधवांचा गोंधळ होतो. ते म्हणतात, वाद्य आमचे होते, आम्ही टाकले म्हणून दुसऱ्यांनी पळवले. हे बरोबर नाही. आम्ही कला टाकली नाही, वेठ टाकली. बाबासाहेबांनी गावकीची हलकी कामे सोडायला सांगितली ती माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. आणि कलेचे म्हणाल तर आमच्या चळवळीने ती नव्याने घडवली. सत्यशोधकांनी तमाशाच्या चौकटीतून जलसा काढला. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशातून गावोगाव विचार पोहोचवला. अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य करून त्यात कामगार उभा केला. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी न शिकलेल्या माउलीलाही चळवळ समजावून सांगितली. जुन्या वाद्यावर नवा माणूस कसा उभा करायचा, हे महाराष्ट्राला आम्ही दाखवले आहे. आमचा वारसा हा आहे.

आता काहीजण विचारतील, हे जुने मढे कशाला उकरता? आमचे उत्तर साधे आहे. उकरायला सुरुवात तुम्ही केली. पेशवाईचे धोतर तुम्ही पेटीतून बाहेर काढले, तेव्हा त्याच पेटीत असलेला झाडू आणि मडकेही बाहेर येणारच. वारसा सांगायचा तर सगळा सांगा. विश्रामबागवाड्याच्या सुरूदार खांबांचे वर्णन जरूर करा. पण १८२१ साली तिथे निघालेली संस्कृत पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याच वाड्यात मुलींना शिकवणाऱ्या जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला, हेही सांगा. मंडईच्या इमारतीचे फोटो काढा. पण नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या मंडईच्या खर्चाला विरोध केला होता, गरिबांच्या शिक्षणावर पैसा खर्च करा म्हटले होते आणि आज तिलाच त्यांचे नाव आहे, हे सांगायला विसरू नका. पर्वतीच्या पायऱ्या चढा. पण ऑक्टोबर १९२९ मध्ये शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे साथी मंदिरप्रवेशासाठी तिथे गेले, तेव्हा त्यांच्यावर दगड पडले होते, हे त्या पायऱ्यांवरच उभे राहून सांगा. भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. समोर दगडूशेठ गणपतीला रोज रांगा लागत होत्या आणि ही वास्तू मोडकळीला येऊन न्यायालयीन वादात वर्षानुवर्षे अडकून पडली होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडून राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. फेरीतल्या प्रत्येक मुलीला त्या जागेसमोर दोन मिनिटे उभे करा. तिच्या हातातला फोन आणि डोक्यातले शिक्षण कुठून आले, ते तिला कळेल.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. महापालिकेने पेठांमध्ये वारशाचे फलक लावताना फुलेवाडा, भिडेवाडा, नाना पेठेतील अहिल्याश्रम, लहुजी वस्तादांची संगमवाडीची समाधी, पर्वतीचा सत्याग्रह आणि मुक्ताचा निबंध यांना त्यात स्थान द्यावे. कारागिरांच्या आळ्यांना नुसते 'प्रेक्षणीय स्थळ' न करता तिथल्या मालाला थेट बाजार मिळवून द्यावा. शाळांच्या सहली शनिवारवाड्यावर संपू नयेत, गंज पेठेपर्यंत याव्यात.

आणि सरकार करील तेव्हा करील. आमच्या शिकलेल्या तरुणांनी त्याची वाट का पाहावी? कर्ज काढून 'पेशवाई थाटात' लग्न लावण्यापेक्षा आपल्या वस्तीतल्या वीस मुलांना घेऊन एका रविवारी स्वतःची फेरी काढा. भिडेवाड्यापासून फुलेवाड्यापर्यंत, तिथून अहिल्याश्रमापर्यंत चाला. म्हाताऱ्या माणसांना बरोबर घ्या, त्यांना बोलते करा, लिहून ठेवा. दरवर्षी १ जानेवारीला लाखो माणसे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी कुणाच्या निमंत्रणाविना जातात. वारसा कसा जपायचा, हे आम्हाला कुणी शिकवण्याची गरज नाही. उरलेले ३६४ दिवस या शहराच्या गल्ल्यांतही तो बोलता केला पाहिजे.

पुण्याचा इतिहास जरूर दाखवा, आम्हीही पाहायला येऊ. पण कात्रजचा हौद दाखवता दाखवता बहुजनांच्या पोरांना कात्रजचा घाट दाखवू नका. ती पोरे आता वाचू लागली आहेत.