ज्या नदीचा मासा, त्या नदीला

नदीच्या डोहात एखादा मासा सोडणे हे पुण्यकृत्यच होय, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. घरच्या काचेच्या पेटीतील मासे नकोसे झाले, की कित्येक मुले ते जवळच्या ओढ्यात नेऊन सोडतात आणि मुक्या जीवांना मोकळे केल्याच्या समाधानाने घरी परततात. त्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे कृतीही चांगली ठरते काय? दक्षिणेतील दोन माशांची हकीकत ऐकली, म्हणजे या प्रश्नाचा नीट विचार करता येईल.

पहिला मासा आपल्या महाराष्ट्रातला. त्याला महाशीर म्हणतात. मुळा-मुठेच्या पाण्यातील या माशाचे वर्णन कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले. याचे खवले मोठे आणि पर निळसर असतात. त्याला स्वच्छ, वाहते पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध पोहत नदीच्या वरच्या अंगाला जातो आणि गोट्यांनी भरलेल्या तळावर अंडी घालतो. म्हणूनच नदीवर बंधारा पडला की त्याची वाट अडते आणि सांडपाण्याने नदी नासली की त्याचा जीव गुदमरतो. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणाऱ्यांनी तर त्याच्या पिल्लांनाही सोडले नाही.

या माशाला जपणारी माणसेही आपल्याकडेच आहेत. रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महाशीर देवीचे आहेत, अशी गावकऱ्यांची श्रद्धा असल्याने ते कोणी धरीत नाही. त्या गावकऱ्यांनी कोठून मासा आणला नाही व कोठे नेला नाही. जो मासा त्यांच्या डोहाचा होता, त्याला त्यांनी सुखाने राहू दिले, इतकेच.

दुसरा मासा कावेरीचा. तोही महाशीरच, पण त्याची जात निराळी. त्याच्या पाठीवर कुबडासारखा उंचवटा असून पर नारिंगी असतात. १९४६ साली कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत सुमारे ५४ किलो वजनाचा महाशीर सापडला होता! हा कुबडाचा महाशीर कावेरी आणि तिला मिळणाऱ्या नद्या यांवाचून जगात दुसरीकडे कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

महाशीर कमी होत चालले, हे पाहून लोणावळ्यास त्यांची पैदास करण्यात येऊ लागली. १९७० नंतरच्या काळात निळसर परांच्या महाशीरची पिल्ले देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली, तशी ती कावेरीतही सोडली गेली. सोडणाऱ्यांना नदीचे भलेच करावयाचे होते. परंतु अन्न आणि जागा यांसाठी पाहुण्यात व घरधन्यात चढाओढ लागली. पाहुणा वाढत गेला आणि घरधनी घटत गेला. धरणे, वाळूचा उपसा व चोरटी मासेमारी यांनीही त्याची हानी केलीच. पण या पाहुण्याचा भार त्याला फार जड गेला, असे अभ्यासकांचे मत आहे. २०१८ साली या कुबडाच्या महाशीरची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत करण्यात आली.

कोणी म्हणेल, "मासा तो मासा, या नदीचा काय आणि त्या नदीचा काय!" हे म्हणणे वरवर खरे वाटते, पण ते खरे नव्हे. प्रत्येक नदीचा तळ, तिचा ओघ, तिच्यातील शेवाळ आणि किडे यांच्याशी तिच्या माशांचे हजारो वर्षांचे नाते जुळलेले असते. परका मासा आला, की ही घडी विस्कटते. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. तो आपली अंडी तोंडात धरून जपतो, म्हणून झपाट्याने वाढतो. आज तो आपल्या कित्येक तलावांत व नद्यांत ठाण मांडून बसला आहे. त्याला आता बाहेर काढणार कोण? ओढ्यात ओंजळभर मासे सोडावयास क्षणही पुरतो. ते परत गोळा करावयास सारे आयुष्य पुरत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की पेटीतील मासे नकोसे झाले, तर ते पाळणाऱ्या एखाद्या मित्राला द्यावेत, नदीत सोडू नयेत. दया करावयाची, तर ती नदीवर करावी. तिच्यात घाण टाकू नये आणि अंडी घालण्याच्या दिवसांत तिच्या माशांना निर्वेध जाऊ द्यावे. आपल्या गावच्या नदीत कोणकोणते मासे आहेत आणि पूर्वी कोणते होते, हे एखाद्या वृद्ध भोयाला किंवा कोळ्याला विचारावे. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, तो नाहीसा झाला तरी आपल्याला कळणार कसे?